मित्रांना पोकर शिकवतोय, पण जिंकतोय मीच

पत्राचा सारांश: नाशिकचे एक वाचक लिहितात. वय ३३, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी, राहायला गंगापूर रोडला. लॉकडाऊनमध्ये ते ऑनलाइन पोकर शिकले, त्यावर भरपूर वाचलं, हिशोब ठेवून खेळले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ॲप बंद झाले, तेव्हा त्यांनी कॉलेजच्या चार मित्रांना घरी बोलावून शिकवायला सुरुवात केली. दर शनिवारी रात्री बैठक बसते. बाय-इन, म्हणजे खेळायला बसण्याची रक्कम, ५०० रुपये. संपले की आणखी ५००, कितीही वेळा. चौघांनी याआधी दिवाळीत तीन पत्ती सोडली तर काही खेळलेलं नाही, त्यामुळे बहुतेक शनिवारी पैसे या वाचकांकडेच येतात. मेन रोडला छोटं दुकान असलेला एक मित्र आतापर्यंत साधारण १४,००० रुपये हरला आहे आणि तरी दर शनिवारी तोच सगळ्यांच्या आधी हजर असतो. परवा दुसरा मित्र हसत म्हणाला, "शिकवतोयस की लुटतोयस?" ते वाक्य यांच्या डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं असं: सगळे सज्ञान आहेत, पैशांशिवाय पोकर कोणी मनापासून खेळत नाही, आणि शिकताना आपणही 'फी' भरलीच होती. खेळ पैशांवर चालू ठेवावा का, रक्कम कमी करावी का, जिंकलेले पैसे परत द्यावेत का, हे कायद्यात बसतं का, आणि १९ वर्षांचा मावसभाऊ 'मलाही बसू दे' म्हणतो आहे त्याला काय सांगावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर:

मित्राचं ते वाक्य तुम्हाला लागलं आणि तुम्ही ते झटकून न टाकता पत्र लिहिलंत, याचा मला आनंद झाला. तुमच्या पत्रात लबाडी कुठेच दिसत नाही. तुम्हाला खेळ मनापासून आवडतो आणि तो मित्रांनाही आवडावा असं वाटतं. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती ५०० रुपयांची नाही.

शिकवणाऱ्याचं काम असतं आपल्याला जे कळतं ते समोरच्याला उघड करून दाखवणं. पोकर खेळणाऱ्याचं काम असतं नेमकं तेच झाकून ठेवणं. शनिवारी रात्री तुम्ही ही दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच पॉटसाठी, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांसाठी, करता आहात. मित्राने कच्च्या पत्त्यांवर कॉल केला, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे टाकले, तर गुरू म्हणून तुम्ही त्याला थांबवायला हवं, आणि खेळाडू म्हणून तर त्या कॉलवरच तुमची कमाई आहे. त्या क्षणी तुम्ही काय करता? पत्रात ते लिहिलेलं नाही, पण १४,००० चा आकडा पाहून अंदाज येतो. बहुतेक वेळा गप्प बसता आणि डाव संपल्यावर समजावून सांगता. नाका-तोंडात पाणी गेल्यावर दर गटांगळीमागे पैसे घेणाऱ्याकडे कोणी पोरांना पोहायला पाठवेल का?

आता तुमच्या म्हणण्याकडे येते. 'सगळे सज्ञान आहेत.' आहेतच. पण सज्ञान माणसाची संमती खरी तेव्हा, जेव्हा तो कशाला हो म्हणतो आहे ते त्याला ठाऊक असतं. तुमचे मित्र तीन पत्तीवर वाढलेले आहेत, आणि तीन पत्तीची नजर पोकरमध्ये घात करते. साधी गोष्ट घ्या. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. तीन पत्त्यांच्या २२,१०० शक्य हातांपैकी साधा सिक्वेन्स ७२० वेळा येतो आणि कलर १,०९६ वेळा, म्हणून ते बरोबरही आहे. पोकरमध्ये हातातले दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पाच यांतून सर्वांत चांगले पाच पत्ते धरतात, आणि पाच पत्त्यांत गणित उलटं होतं. एकूण २५,९८,९६० हातांपैकी स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) १०,२०० आणि फ्लश (म्हणजे कलर) फक्त ५,१०८, म्हणून पोकरमध्ये फ्लश वर. दिवाळीच्या सवयीने हात वाचणारा माणूस स्ट्रेट लागल्याच्या आनंदात बदामाचे तीन पत्ते टेबलावर उघडे पडलेत हे पाहतही नाही. 'ब्लाइंड चाल खेळायची, समोरचा घाबरून पॅक होतो' ही सवयही तशीच. तीन पत्तीत ती हिंमत मानली जाते. पोकरमध्ये पत्ते न बघता, आपली पाळी कितवी ते न बघता, समोर कोण आहे ते न बघता पैसे टाकणं म्हणजे समोरच्याला दिलेली भेट.

हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. हरल्यावर ते म्हणत असतील, "आज नशीबच नव्हतं." तेव्हा तुम्ही गप्प राहत असाल तर मला ती जागा सगळ्यात जास्त खुपते. त्यांना वाटतं आपण नशिबाशी खेळतोय. प्रत्यक्षात ते तुमच्या चार-पाच वर्षांच्या सरावाशी खेळत असतात. कौशल्याचा फरक लपून राहतो, कारण मधूनमधून तेही जिंकतात. हातात एक्क्यांची जोडी आली (२२१ डावांत सरासरी एकदा येते) आणि समोर राजांची जोडी असली, तरी सगळे पत्ते उघडेपर्यंत पाचातल्या जवळजवळ एका वेळी राजेच जिंकतात. असा एखादा पॉट मारलेला दुकानदार मित्र पुढचे कित्येक शनिवार त्याच आठवणीवर येत राहील.

'मीही फी भरली होती.' भरली असेल, पण ॲपवरच्या अनोळखी माणसांना. ज्याच्या लग्नात तुम्ही पंगतीत वाढलंत त्याच्याकडून तुम्ही ती घेता आहात, आणि त्या फीच्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडलं हे विचारायचा हक्क त्याला आहे. तो आज पहिल्या शनिवारपेक्षा बरा खेळतो का? याचं उत्तर 'नाही' असेल तर ती फी नव्हती.

'पैशांशिवाय कोणी मनापासून खेळत नाही' हे मात्र मी तुमचं मान्य करते. फुकटच्या चिप्सवर पोकर बसवून पाहा, प्रत्येक जण प्रत्येक हात शेवटपर्यंत नेतो, ब्लफला (कच्च्या पत्त्यांवर मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवण्याला) अर्थ राहत नाही, फोल्ड करणं, म्हणजे पत्ते टाकून देणं, कंटाळवाणं वाटतं. पण त्यामागचं कारण जरा नीट बघा. खेळाला धार येते ती चिप्स संपू शकतात म्हणून. संपलेल्या चिप्स खिशात हात घालून पुन्हा आणता आल्या की उलट धार जाते. तुमच्या टेबलावर 'कितीही वेळा ५००' हा नियम आहे, म्हणजे तुम्ही जी शिस्त पैशांकडून मागताय तीच त्या नियमाने घालवलीत. आणि दुकानदार मित्राचे १४,००० गेले ते याच दारातून.

म्हणून रक्कम ५०० वरून २०० करण्याने फारसं साधणार नाही. पद्धत बदला.

निदान काही शनिवार तुम्ही खेळूच नका. पत्ते पिसा, वाटा आणि शिकवा. चिप्सना रुपयांची किंमत नको. चौघांनी पत्ते उघडे ठेवून खेळायचं आणि प्रत्येकाने पैसे टाकण्याआधी तोंडाने कारण सांगायचं: "माझ्याकडे इस्पिकचे दोन आहेत, फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत) दोन आलेत, एक हवाय." मग तुम्ही विचारायचं, "हा कॉल किती महाग आहे?" पॉटमध्ये २०० होते, समोरच्याने १०० टाकले, आता ३०० मिळवण्यासाठी १०० द्यायचे आहेत, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, उघडून झालंय, एकच पत्ता यायचाय, इतरांचे पत्ते दिसत नाहीत असं धरलं तर उरलेल्या ४६ पत्त्यांत इस्पिक ९ आहेत, म्हणजे पाचात जेमतेम एकदा. पुढे आणखी पैसे मिळण्याची आशा नसेल तर फोल्ड. हे एकदा कळलं की माणूस 'वाटतंय येईल' म्हणायचं थांबतो. दोन पत्ते यायचे असताना तीच शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास असते हेही दाखवा. बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, बसून शेवटी बोलण्याचा फायदा काय, हे तर उघड्या पत्त्यांवर जितकं पटकन समजतं तितकं कुठल्याच व्हिडिओतून समजत नाही.

आणि फोल्डचं कौतुक करा. नव्या माणसाला वाटतं, पत्ते टाकले म्हणजे शनिवार वाया गेला. हातात आलेल्या पहिल्या दोन पत्त्यांपैकी बहुतेक टाकूनच द्यायचे असतात हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते त्याच्याकडून पैसे जिंकणाऱ्याने सांगितलेलं पटत नाही.

त्यानंतर पैसे लावायचेच असतील तर स्पर्धेच्या पद्धतीने लावा. प्रत्येकी १०० रुपये, प्रत्येकाला १,५०० चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स) १०-२० पासून सुरू आणि दर वीस मिनिटांनी वाढते. चिप्स संपल्या की तो माणूस बाहेर, पुन्हा विकत घेणं नाही. पाच जणांचे ५०० जमले तर पहिल्याला ३००, दुसऱ्याला २००. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धाही अशीच चालते, चिप्स गेल्या की खुर्ची सोडायची. तुमच्याकडे याचा उपयोग असा की शनिवारी घरून निघतानाच प्रत्येकाला ठाऊक असेल, आज जास्तीत जास्त १०० जातील. महिन्याचे ४००. यात कोणाच्या घरी वाद होणार नाही. १०० हा आकडा मी फेकला आहे. तुमचा आकडा टेबलावरच्या सगळ्यात तंग खिशाकडे बघून ठरवा, आणि तो खिसा कोणाचा हे सगळ्यांसमोर विचारू नका. पगारदार माणसाचे ५०० आणि दुकानदाराचे ५०० सारखे नसतात. दुकानाच्या गल्ल्यातले पैसे पुष्कळदा व्यापाऱ्याचे, भाड्याचे, लाइट बिलाचे असतात.

जो आधी बाहेर पडेल त्याने काय करायचं, हे नव्या लोकांना सुचत नाही आणि तिथे चिडाचिडी होते. त्याला पत्ते वाटायला बसवा. एखादा लवकर गेला तर दुसरी फेरी चिप्सवर, बिनपैशांची ठेवा. बैठक संपायची वेळ आधी ठरवा आणि ती पाळा. 'आता शेवटचे पाच डाव' हे हरणाऱ्याच्या तोंडून आलं तर तेव्हाच उठा. दारू असेल तर पैसे नकोत, पैसे असतील तर दारू नको. इथे मी अजिबात सवलत देणार नाही.

उधारीही नको. यूपीआयने "नंतर टाकतो" म्हणणं फार सोपं झालंय. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळात रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी दावा चालत नाही. मित्रांमध्ये कोर्टात कोण जातंय म्हणा. पण वसूल न होणारी उधारी मैत्रीत जास्त वाईट राहते, कारण ती कोणी बोलून दाखवत नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलंत. आपल्याकडे १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकरचं नाव घेऊन दिलेली सूट नाही. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्यात ती आहे. उलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं आहे. म्हणजे 'पोकर स्किलचा खेळ आहे, काही होत नाही' असं मित्रांना छातीठोकपणे सांगू नका. या कायद्यात जुगाराचा अड्डा ठरवताना जागा चालवणाऱ्याला त्यातून फायदा होतो का, याला मोठं महत्त्व आहे. म्हणून घर तुमचं असलं तरी पॉटमधून नाल, म्हणजे घरमालकाचा वाटा, काढू नका, चहा-नाश्त्याच्या नावाखालीसुद्धा नको. खाणं प्रत्येकाने आळीपाळीने आणावं. सोसायटीचा हॉल, गच्ची, हॉटेल, सोमेश्वरच्या बाजूचं एखादं फार्महाऊस, अशा जागी पैशांचा डाव मांडू नका आणि अनोळखी माणसं बोलावू नका. एवढं पाळूनही पैसे लावणं पूर्ण निर्धोक होतं असं मी म्हणणार नाही. खात्री हवी असेल तर वकिलाशी बोला, किंवा रुपये काढून टाका.

ऑनलाइनचं चित्र स्पष्ट आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणली, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. मित्रांपैकी कोणी "परदेशी ॲप सापडलंय, टेलिग्रामवरून पैसे भरता येतात" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. ते पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार? सरावाला बिनपैशांचे खेळ पुरे आहेत.

आता १४,००० रुपये. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. तुमच्या मनात एक पर्याय नक्की येऊन गेला असेल: मुद्दाम हरून हळूहळू परत करावेत. ते करू नका. त्याला वाटेल आपण आता खेळायला लागलो, आणि हा विश्वास घेऊन तो उद्या गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत जाऊन बसेल. तुमच्याशी बसताना तो निदान मित्रासमोर हरत होता.

सगळ्यांसमोर परत देणंही नको, त्याचा अपमान होईल. त्याला एकट्याला गाठा. कॉलेज रोडला चहा घ्या, आणि सरळ सांगा: "तुला शिकवत असताना मी तुझ्याकडून पैसे जिंकत होतो. तुला जे नशीब वाटत होतं त्यातलं बरंचसं नशीब नव्हतं. मला ते पैसे ठेवायचे नाहीत." तो नको म्हणाला तर एकदाच आग्रह करा, दुसऱ्यांदा नको. पैशांपेक्षा मधलं वाक्य महत्त्वाचं आहे. ते त्याला तुमच्याकडून कळायला हवं, कारण इतर कोणी सांगणार नाही. राग येईल त्याला. येऊ द्या.

याच भेटीत दुसरंही बघा. हरणारा माणूस सगळ्यांच्या आधी हजर होतो, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. कदाचित त्याला आठवडाभराच्या धबडग्यातून सुटका म्हणून तुमची बैठक आवडत असेल, पत्ते निमित्त असतील. पण तो गेलेले पैसे भरून काढायला येत असेल तर गोष्ट वेगळी. घरी रक्कम लपवतो का, कोणाकडून हातउसने घेतलेत का, शनिवारची वाट बघताना दुकानात लक्ष लागत नाही का, न खेळता राहिला की चिडचिड होते का, हे त्याला विचारा, उलटतपासणी न करता. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला मान्य आजार आहे, त्यावर उपचार होतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. असं काही जाणवलं तर तुमच्या घरची पैशांची बैठक बंद करा, सगळ्यांसाठी बंद करा. त्याला एकट्याला वगळून बाकीचे खेळत राहिलात तर तो दुसरं टेबल शोधेल. त्याच्या बायकोला परस्पर फोन करू नका. आधी तो, मग गरज पडली तर त्याला सांगूनच ती.

बाकीच्या तिघांशीही बोलणं व्हायला हवं, पण ते सोपं आहे. येत्या शनिवारी पत्ते पिसायच्या आधी सांगा की आजपासून मी वाटणार, तुम्ही खेळणार, पैसे नाहीत. कोणी म्हणेल, "मग मजा काय?" त्याला थोडा वेळ द्या. दोन-तीन बैठकांनंतर जो खरंच शिकायला आला होता तो राहील. जो फक्त पैशांसाठी येत होता तो गळाला तरी मैत्री दुसऱ्या निमित्ताने चालू ठेवता येते, रविवारी सकाळी मिसळ खायला जा. 'लुटतोयस' म्हणणाऱ्याला मात्र मुद्दाम बोलावून घ्या. तुमच्या टेबलावर खरं बोलणारा तो एकटा आहे.

त्यांची शिकवणी पुरी झाली हे कसं ओळखायचं? टेबलावर आपल्यापेक्षा कोण चांगलं खेळतं, हे प्रत्येकाला न विचारता सांगता आलं पाहिजे. आपला हिशोब तो स्वतःच्या वहीत लिहीत असेल, हरलेल्या डावात आपण काय चुकलो आणि काय केवळ पत्त्यांनी केलं हे वेगळं करू शकत असेल, तर तो तयार आहे. मग तुम्ही खेळाडू म्हणून त्यांच्यात बसा आणि जिंका. तेव्हा जिंकलेल्या ३०० रुपयांबद्दल मला तुमच्याकडून पत्र यायचं कारण नाही.

राहिला मावसभाऊ. उघड्या पत्त्यांच्या शिकवणीत त्याला जरूर बसवा. शक्यता, संयम, समोरच्याच्या जागेवरून विचार करणं, हे त्या वयात शिकलेलं उपयोगी पडतं. पैशांच्या डावात त्याला घेऊ नका, १०० रुपयांच्याही नाही. त्याचे १०० रुपये मावशीचे आहेत, आणि तुमच्याकडे बघून तो पहिला धडा कुठला घेईल यावर तुमचा ताबा नाही. तो विचारेल, "दादा, तू तर खेळतोस." त्याला तुमचा पूर्ण हिशोब दाखवा, ॲपवर हरलेल्या महिन्यांसकट. मावशीलाही आधी सांगा की तो काय शिकायला येतो आहे. तिने नको म्हटलं तर विषय तिथेच संपतो.